रानपिंगळ्याच्या मुलखात: मेळघाटातील एका पक्षीनिरीक्षण सेवेचे परीक्षण

मेळघाटात येणाऱ्या बहुतेक पर्यटकांच्या मनात वाघ असतो आणि तिथली गाडी, गाईड, वेळापत्रक ही सारी व्यवस्थाही वाघाभोवतीच बेतलेली आहे. अलीकडे मात्र खास पक्षी पाहायला येणाऱ्यांसाठी मुक्काम, जेवण, गाडी आणि स्थानिक गाईड अशी एकत्रित सोय करणारी मंडळीही पुढे आली आहेत. सेमाडोह ते हरिसाल या पट्ट्यात चालणाऱ्या अशाच एका सेवेचे हे परीक्षण आहे. तिच्या जाहिरातीत सर्वांत मोठे छायाचित्र रानपिंगळ्याचे, म्हणजे एका दुर्मिळ, छोट्या घुबडाचे आहे, त्यामुळे तिला कस लावायचा तो रानपिंगळ्याचाच, असे ठरवून मी गेलो होतो. सेवेचे नाव मात्र मुद्दाम देत नाही. या पक्ष्याच्या जोड्या एकाच टापूला धरून राहतात. नाव कळले की गाईड कळतो, गाईड कळला की जागा कळते आणि जागा कळली की विणीच्या दिवसांत त्या झाडाखाली कॅमेऱ्यांची गर्दी व्हायला वेळ लागत नाही. वाचकांना उपयोग व्हावा तो अशी सेवा निवडताना नेमके काय पारखून घ्यावे, यासाठी. माझ्यापुरते सांगायचे तर गाईडच्या जाणकारीला मी पैकीच्या पैकी गुण देईन. माहितीपत्रक आणि गाडीचे वेळापत्रक यांना जेमतेम काठावर पास करीन.

ज्यांचा या पक्ष्याशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. आज छत्तीसगडमध्ये असलेल्या बसना परिसरात एफ. आर. ब्लेविट यांनी १८७२ मध्ये एक नमुना मिळवला आणि पुढच्याच वर्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी ब्लेविट यांच्याच नावाने या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. त्यानंतर खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांना काही नमुने मिळाले, त्यांपैकी शेवटचा १८८४ मधला. मग हा पक्षी जणू नाहीसाच झाला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या अमेरिकी अभ्यासकांना तो शहाद्याजवळच्या जंगलात, तोही दिवसाउजेडी, पुन्हा दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा त्यानंतरच्या वर्षी झाला. पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे आणि पुण्याच्या संस्थांचे अभ्यासक सातपुड्यात वर्षानुवर्षे फिरले आणि तोरणमाळ, तळोदा, यावल, मेळघाट, तसेच मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर व खंडवा या भागांतून त्याच्या नोंदी मिळत गेल्या. प्रौढ पक्ष्यांची संख्या हजाराच्या आतच असावी, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे.

आता सेवेकडे वळू. आल्या आल्या प्रत्येकाला एक रंगीत, गुळगुळीत कागदाचे माहितीपत्रक दिले जाते. छपाई देखणी आहे, पण मजकुरात तीन ठळक चुका आहेत आणि त्यांतली एक तर संपूर्ण सहलीची दिशाच चुकवणारी आहे. पत्रकात रानपिंगळा ‘अतिसंकटग्रस्त’ म्हटला आहे. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत २०१८ पासून त्याची नोंद ‘संकटग्रस्त’ या एक पायरी कमी धोक्याच्या गटात आहे आणि नव्या नव्या ठिकाणी तो सापडत गेल्यामुळेच हा बदल झाला, ही गोष्ट पाहुण्यांना सांगण्यासारखी होती. दुसरी चूक १९१४ च्या एका नोंदीची. रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश कर्नलने गुजरातेतील मांडवी येथे त्या वर्षी हा पक्षी मिळवल्याचा दावा केला होता आणि पत्रकात तो खरा म्हणून छापला आहे. प्रत्यक्षात तो नमुना संग्रहालयातून चोरलेला, डेव्हिडसन यांनीच पूर्वी गोळा केलेला आणि उसवून नव्याने पेंढा भरून तयार केलेला होता, हे रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले. ही चूक निव्वळ इतिहासाची नाही. एक खोटी नोंद माणसांना चुकीच्या मुलखात शोधायला लावते आणि पक्ष्याला कुठली जागा मानवते याचा सगळा हिशेबच बिघडवते.

तिसरी आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे ‘घनदाट अरण्याच्या अंतर्भागात राहणारा लाजाळू निशाचर’ हे वर्णन. या चार-पाच शब्दांत जवळपास काहीच बरोबर नाही. रानपिंगळा प्रामुख्याने दिवसा वावरणारा पक्षी आहे, उघड्या फांदीवर उन्हात बसणारा आहे आणि त्याला हवे असते ते विरळ छत्राचे, कोरडे, पानगळीचे सागवान. हे सगळे मला शिकवले ते त्याच सेवेच्या कोरकू गाईडने, मालकांच्या पत्रकाशी शब्दानेही वाद न घालता.

पायी फिरण्याची परवानगी असलेल्या वाटेवर सकाळी उतरल्यावर आम्ही सगळ्यांनी सवयीने दुर्बिणी वर लावल्या. गाईड शांतपणे म्हणाले, “भाऊ, पाखरू मंग पाह्यजा, आधी हे खालची जागा पाहा.” मग त्यांनी आम्हाला जमीन पाहायला लावली. सागाची झाडे एकमेकांपासून अंतर राखून उभी होती, बरीचशी पाने गळून गेली होती, त्यामुळे ऊन थेट खाली पोहोचत होते. गवत घोट्याएवढे, मध्ये मध्ये उघडी माती, दगड, आणि वाळलेल्या पानांवर काही हलले तर लगेच ऐकू यावे अशी शांतता. रानपिंगळा फांदीवर बसून खालची जमीन न्याहाळतो आणि सापसुरळ्या, सरडे, उंदीर, मोठे किडे यांच्यावर वरून झेपावतो. त्याला शिकार दिसलीच नाही तर बाकीचे जंगल कितीही हिरवेगार असले तरी त्याच्या काही कामाचे नाही. घाणेरीने व्यापलेला एक तुकडा दाखवून गाईड म्हणाले की पूर्वी इथे जोडी दिसायची, झुडपे माजल्यापासून दिसत नाही. हे एका माणसाचे निरीक्षण आहे आणि मी ते तेवढ्याच मोलाने नोंदवतो. पण ज्या पक्ष्याचे पोट खालच्या उघड्या जमिनीवर अवलंबून आहे, त्याच्या बाबतीत ते पटणारे आहे.

जमिनीनंतर पाळी आली बसायच्या जागांची. निष्पर्ण सालईच्या आडव्या फांद्या, मोईची वाळकी टोके, वठलेला एखादा ऐन: अशा प्रत्येक ठिकाणी गाईड थांबत, फांदीखाली पांढऱ्या विष्ठेचे डाग आहेत का ते पाहत आणि मगच पुढे सरकत. त्यानंतर ढोल्या. रानपिंगळा स्वतः ढोली कोरत नाही. फांदी मोडून कुजलेल्या जागी तयार झालेली किंवा सुतारपक्ष्याने कोरून सोडलेली पोकळी त्याला शोधावी लागते आणि त्या पोकळीवर पोपट, साळुंक्या आणि साधा पिंगळा यांचाही डोळा असतो. रोहनासारख्या झाडांच्या ढोल्यांत त्याची घरटी अभ्यासकांनी नोंदवली आहेत. म्हणजे वय झालेली, पोकळ झालेली, इमारती लाकडाच्या दृष्टीने कुचकामी ठरणारी झाडे जिथे शिल्लक आहेत, तिथेच त्याचा संसार उभा राहतो. एकाच वेळी लावलेल्या सागाच्या सरळसोट लागवडीत जमीन उघडी मिळेल, फांदीही मिळेल, पण ढोली मिळणार नाही.

याच ठिकाणी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण आमच्या गटातील एका सद्गृहस्थांनी लगेच निष्कर्ष काढला की मग जंगल तोडून विरळ केले तर पक्ष्याचे भलेच होईल. तसे मुळीच नाही. विरळ जंगल आणि ओरबाडलेले जंगल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरपणासाठी सर्वांत आधी जातात ती वाळकी आणि पोकळ झाडे, म्हणजे नेमकी रानपिंगळ्याच्या घराची. वणव्याने गवत जळून जमीन उघडी होते हे खरे, पण तोच वणवा दर वर्षी आला तर पोकळ खोड आतून पेटते आणि नवी रोपे तर वाढूच शकत नाहीत. शहादा, तोरणमाळकडच्या जंगलांत शेतीचे तुकडे आत घुसलेले असूनही पक्षी टिकून आहे, ही त्याच्या चिवटपणाची साक्ष आहे. तिचा आधार घेऊन आणखी तोडीला मुभा देणे म्हणजे त्याच्या मुळावरच उठणे होय.

गाईडची खरी हुशारी कळली ती त्यांनी तीन पिंगळे तीन जागी दाखवले तेव्हा. गाव आणि शेतबांध या पट्ट्यात साधा पिंगळा, डोक्यावर आणि अंगावर ठिपके असलेला, संध्याकाळी चिरचिरत भांडणारा. नाल्याकडे, बांबूच्या आणि दाट झाडीच्या उतारावर जंगली पिंगळा, अंगभर बारीक पट्टे असलेला. आणि या दोहोंच्या मधल्या सागवानात रानपिंगळा: डोक्यावर ठिपके जवळपास नाहीत, छाती भरीव तपकिरी, पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, आणि अंगाच्या मानाने चोच व पंजे चांगलेच दणकट. या सीमा अर्थात काटेकोर नाहीत. तिघेही एकमेकांच्या हद्दीत सापडू शकतात. तरीही पायांखालचे जंगल बदलले की डोक्यावरचा पिंगळा बदलतो, हे चालता चालता उमगणे हा या सहलीचा सर्वांत मोलाचा भाग होता, आणि तो पत्रकात, दरपत्रकात किंवा रात्रीच्या पडद्यावरच्या माहितीसत्रात कुठेही नव्हता.

रानपिंगळा दिसला तो ऊन चांगले वर आल्यावर, एका सालईवर. पाठ उन्हाकडे करून, पिसे थोडी फुलवून तो बसला होता आणि शेपटी दर थोड्या वेळाने झटक्याने हलवत होता. मान खाली वळवून त्याने एकाच जागेकडे बराच वेळ पाहिले, सरळ खाली उतरला आणि वर आला तेव्हा चोचीत सापसुरळी होती, शेपूट अजून वळवळत असलेली. त्याने ती गिळली नाही. चोचीत तशीच धरून तो आमच्याकडे पाहत बसून राहिला. गाईडनी हात खाली करून आम्हाला मागे घ्यायला सुरुवात केली. विणीच्या काळात नर ढोलीतल्या मादीला खाऊ आणून देतो. शिकार हातात असूनही तो हलत नसेल तर त्याची अडचण आपण आहोत, हे त्यांनी नंतर कुजबुजत सांगितले. छायाचित्रासाठी अजून दोन पावले पुढे जाण्याची विनंती झाली आणि ती त्यांनी नम्रपणे, पण ठामपणे नाकारली. आम्ही वाटेच्या वळणापर्यंत मागे आल्यावर तो उडून झाडीत गेला. कुठल्या झाडाकडे गेला हे गाईडना ठाऊक होते. त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

मोबाईलवरून पक्ष्याची साद वाजवून त्याला पुढे आणण्याचा प्रकार या सेवेत होत नाही, याची नोंद मी विशेष आदराने करतो. रानपिंगळा अशा सादेला चटकन उत्तर देतो. म्हणूनच सर्वेक्षण करणाऱ्या अभ्यासकांनी परवानगी घेऊन, मोजून-मापून तिचा वापर केला आहे. पण पर्यटकांच्या प्रत्येक गटाने तेच केले तर नर आपला सारा वेळ न आलेल्या प्रतिस्पर्ध्याला हुसकावण्यात घालवील आणि ढोलीतील मादी उपाशी राहील. चौकशीच्या फोनवर ‘शंभर टक्के दाखवू’ असे आश्वासन देणाऱ्यांपेक्षा ‘दिसेलच असे नाही’ म्हणणाऱ्यांना पसंती द्यावी. आणि या सेवेने फोनवर मला ‘दिसेलच असे नाही’ हेच उत्तर दिले होते.

इतके असूनही वेळापत्रक मात्र पक्ष्याशी विसंगत आहे. पहाटे अंधारात गाडी निघते, आणि ऊन अंगावर घेऊन रानपिंगळा फांदीवर येतो नेमक्या त्याच वेळी नाश्त्यासाठी परत फिरायचे असते. आम्हाला तो दिसला तो गाईडनी चालकाशी बोलून वेळ वाढवून घेतल्यामुळे. उलट संध्याकाळी काळोख पडल्यावर गावालगतच्या रस्त्याने जी ‘घुबड फेरी’ वेगळे पैसे घेऊन नेली जाते, तिच्यात रानपिंगळा दिसण्याची आशा धरणे व्यर्थ आहे. तिथे साधा पिंगळा मात्र हमखास भेटतो आणि नवख्या पाहुण्याला तोच रानपिंगळा वाटून तो समाधानाने परततो. हा प्रकार जाणूनबुजून होत असेल असे मला वाटत नाही, पण पत्रकातला ‘निशाचर’ हा एक शब्द किती दूरवर परिणाम करतो ते यातून दिसते. मालकांशी मी याविषयी सविस्तर बोललो. त्यांनी ऐकून घेतले, सकाळची फेरी उशिरापर्यंत चालवण्यास तत्त्वतः होकार दिला. पत्रक मात्र आधीचे संपेपर्यंत तेच राहील असे सांगितले.

राहण्याची सोय साधी आणि स्वच्छ आहे. गरम पाणी चुलीवरचे, बादलीने मिळते. जेवणात भाकरी, डाळ, वांग्याची भाजी आणि ठेचा. तक्रारीला जागा नाही. पाहुण्यांना मिळणाऱ्या दुर्बिणी मात्र निकृष्ट आहेत, एकीच्या भिंगात बुरशी धरलेली होती. सागाच्या जंगलात राखी-तपकिरी फांदीवर राखी-तपकिरी पक्षी शोधायचा असतो, तेव्हा स्वतःची ८×४२ दुर्बीण नेणे उत्तम. एका गटात आठ-दहा माणसे घेतात, ती निम्मी असावीत. वाळलेल्या सागाच्या पानांवर इतके पाय पडले की आवाज दूरवर जातो.

पैशांच्या बाबतीत माझी एक गंभीर तक्रार आहे. एकूण रक्कम अवाजवी नाही, परंतु पावतीवर मुक्काम, गाडी, प्रवेश शुल्क आणि गाईडचे मानधन वेगवेगळे दाखवलेले नसते. ज्या माणसाच्या ज्ञानावर सगळा डोलारा उभा आहे त्याला त्यातले किती मिळते, हे पाहुण्याला कळायला हवे. हा आग्रह केवळ न्यायाचा नाही, पक्ष्याच्या हिताचाही आहे. वठलेले रोहन सरपण म्हणून तोडण्यापेक्षा उभे ठेवण्यात गावाचा फायदा आहे, हे गावाला पटायचे असेल तर तो फायदा गावातल्या घरांपर्यंत पोहोचला पाहिजे. सागाच्या विरळ जंगलाचा बराच भाग वस्त्यांच्या आणि शेतांच्या कडेला आहे. त्याचे भवितव्य तिथे राहणाऱ्या लोकांच्या रोजच्या व्यवहारात ठरते.

जाण्यासाठी डिसेंबर ते मार्चचा पूर्वार्ध हा काळ योग्य आहे. पाने गळून गेल्याने फांद्या मोकळ्या असतात आणि पक्षी बोलता असतो. परतवाड्याहून घाट चढून सेमाडोहला येणारा रस्ता वळणावळणाचा आहे, म्हणून दिवसाच पोहोचावे. फक्त वाघ पाहायचा असेल त्यांनी ही सेवा घेऊ नये, आणि छायाचित्रासाठी पक्ष्याच्या जवळ जाण्याची ज्यांना घाई आहे त्यांनीही. जंगल वाचायला शिकण्याची इच्छा असेल त्यांनी जरूर जावे आणि आरक्षण करतानाच स्थानिक गाईड, छोटा गट आणि सकाळी उशिरापर्यंतची फेरी या तीन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात. मुंबई-ठाण्याकडच्या पक्षीमित्रांना इतका लांबचा प्रवास जमणार नसेल, तर २०१४ मध्ये तानसा अभयारण्यात रानपिंगळा आढळल्याचे त्यांनी ध्यानात ठेवावे. तिथला पाऊस सातपुड्यापेक्षा कितीतरी अधिक आहे, तरी सागाचे पानगळी जंगल तिथेही आहे. तानशासाठी अशी सेवा देणारे कोणी असेल तर त्यांनाही पहिला प्रश्न हाच विचारावा की सकाळी ऊन वर आल्यावर तुमची गाडी जंगलात असते की नाश्त्याच्या टेबलाजवळ.